डब्याला चिठ्ठी लावताना: घरातल्या लेबलांची नीट पद्धत

आषाढी एकादशीला सासूबाईंना उपवासाचं थालीपीठ लावून दिलं आणि भाजणी निघाली रोजची. धने-जिऱ्याचा वास त्यांच्या लक्षात येईपर्यंत अर्धं थालीपीठ संपलं होतं. त्या म्हणाल्या, "असू दे, विठोबाला कळतं." मला मात्र ते लागून राहिलं, कारण दोन्ही डब्यांना चिठ्ठ्या होत्या. मीच लावलेल्या. दोन्हींवर एकच शब्द लिहिलेला होता: भाजणी.

चिठ्ठ्या न लावण्यापेक्षा अशा चिठ्ठ्या लावल्यानेच घरात जास्त घोळ होतात. लिहिणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असतं, म्हणून तो अर्धंच लिहितो. पण ती चिठ्ठी वाचणार असतो ज्याला ठाऊक नाही तो: नवरा, मुलगी, कामाला येणाऱ्या मावशी, नाहीतर सहा महिन्यांनी सगळं विसरलेले आपण स्वतः. खालचे सगळे टप्पे त्या माणसाला समोर ठेवून लिहिले आहेत. क्रम बदलू नका. निम्म्या चुका क्रम चुकल्यामुळेच होतात.

टप्पा १: पेन हातात घेण्याआधी घरभर फेरी

एक वही घ्या आणि स्वयंपाकघर, मोरी, औषधांचा डबा, विजेचा बोर्ड, माळा असं सगळं बघून या. अजून काही लिहायचं नाही, चिकटवायचं नाही. फक्त तीन प्रकारच्या वस्तूंची यादी करायची.

पहिला प्रकार, दिसायला सारख्या पण कामाला वेगळ्या वस्तू. मैदा, कॉर्नफ्लॉवर आणि तांदळाचं पीठ. पिठीसाखर आणि मीठ. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व. थालीपीठाची, चकलीची आणि उपवासाची भाजणी. गोडा मसाला आणि मालवणी मसाला शेजारी ठेवले तर वेगळे दिसतात. एकटा डबा उघडला तर दिसत नाहीत.

दुसरा प्रकार, मुदतीच्या वस्तू: पिठं, औषधं, फ्रीजरमधलं वाटण. तिसरा, धोक्याच्या: फिनाईल, ॲसिड, रॉकेल, झुरळांची पावडर, उंदराचं औषध.

या तिन्हीत जे बसत नाही त्याला चिठ्ठी नको. काचेच्या बरणीतल्या तूरडाळीवर "तूरडाळ" लिहिण्याची हौस असेल तर लिहा, पण सगळ्याच डब्यांवर चिठ्ठ्या झाल्या की कोणतीच कोणी वाचत नाही. माझ्या घरात शेवटी साठ-सत्तर डब्यांपैकी पंचवीस-तीसच उरले.

टप्पा २: सामान

महागडं काही लागत नाही. जूनमध्ये वह्यांसाठी आणलेल्या नावाच्या लेबलांचा उरलेला कागद, मास्किंग टेप, रुंद पारदर्शक टेप, एक परमनंट मार्कर, एक पेन्सिल, कात्री आणि सुका फडका.

मार्कर घेताना बघून घ्या. व्हाईटबोर्डचा मार्कर दिसायला तसाच असतो आणि बोट फिरवलं की पुसला जातो. स्केचपेन आणि जेलपेनची शाई ओल्या हाताने पसरते. पेन्सिलला लोक हसतात, पण ओल आणि तेल यांत शाईपेक्षा पेन्सिल जास्त टिकते, त्यामुळे फ्रीजरमधल्या पिशव्यांवरच्या मास्किंग टेपसाठी आणि कुंड्यांमधल्या पट्ट्यांसाठी मी पेन्सिलच वापरते. कुंडीत मार्कर वापरलात तर पावसाळ्यात टिकेल, उन्हाळ्यात उडून जाईल.

*खबरदारी:* मोबाईलला जोडून चालणारी छोटी लेबल छापायची यंत्रं हल्ली बऱ्याच घरांत दिसतात. त्यांतली बहुतेक दुकानाच्या बिलासारखी उष्णतेने छापतात. तो कागद गॅसजवळ काळवंडतो आणि तेल लागलं की अक्षर फिकं होतं. कपाटातल्या फायलींना चालेल, शेगडीमागच्या फळीला नाही.

टप्पा ३: मजकूर ठरवा

चिठ्ठीवर चार गोष्टी असू शकतात: नाव, फरक, तारीख, सूचना. चारही प्रत्येक वेळी लागत नाहीत, पण "फरक" बहुधा राहून जातो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. "भाजणी" हे नाव झालं, "उपवासाची" हा फरक. "तिखट" हे नाव, "ब्याडगी, रंगाचं" हा फरक. "हिरवं वाटण" हे नाव. "लसूण नाही" हा फरक, आणि चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारे पाहुणे आले की तेवढंच कामाचं असतं.

जे डोळ्यांना दिसत नाही ते लिहा, हा माझा नियम. याचं चांगलं उदाहरण तुमच्या ओट्याखालीच आहे. गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि आकडे म्हणजे वर्ष. "बी २८" असेल तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. तो लाल आहे आणि त्यात गॅस आहे हे कोणी त्या पट्टीवर लिहीत बसलेलं नाही.

तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा. ५/६ म्हणजे आपल्याला पाच जून, पण सुट्टीला आलेल्या अमेरिकेतल्या भाचीला तो सहा मे. "५ जून २६" लिहिलं की वाद नाही. आणि तारीख कसली तेही लिहा: दळल्याची, उघडल्याची की संपण्याची? नुसता आकडा असेल तर वाचणारा स्वतःच्या सोयीचा अर्थ घेतो.

लिपी कोणती, हे डबा कोण उघडतं त्यावर ठरवा. आमच्याकडे मावशींना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही, म्हणून सगळं मराठीत. वाचता न येणारं किंवा कमी दिसणारं कोणी असेल तर खुणा करा: डब्याला रबरबँड, दोऱ्याची गाठ, रंगीत टेप. मात्र खुणेचा अर्थ घरात एकच हवा. लाल म्हणजे तिखट आणि लाल म्हणजे विष, असं चालत नाही.

*हे शब्द वापरू नका:* इतर, किरकोळ, महत्त्वाचे, जुने, नवीन. "नवीन मसाला" तीन महिन्यांनी काय म्हणायचा?

टप्पा ४: जागा आणि चिकटवणं

चिठ्ठी झाकणावर लावायची नाही. ही घरोघरची चूक आहे. एकाच मापाचे सहा डबे एकत्र घासायला पडतात आणि परत येताना झाकणं बदललेली असतात. मग चिठ्ठी "साबुदाणा" म्हणते आणि आत वरी निघते. चिठ्ठी डब्याच्या अंगावर लावा, फळीवर ठेवल्यावर समोर येईल त्या बाजूला. खणात वरून बघायचे डबे असतील तर वर लावा, पण अंगावरही लावा.

आता क्रम. डबा घासून पूर्ण वाळवा. जिथे लावायचं तिथला तेलकटपणा सुक्या फडक्याने आणि थोड्या स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने काढा, मिनिटभर उडू द्या. लिहून शाई वाळू द्या. मग कागद चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप लावा, चारही बाजूंनी कागदाच्या अर्धा बोट बाहेर. टेप कागदाएवढीच कापली तर कडेने पाणी शिरतं आणि आठवड्यात चिठ्ठी गळते. शाई ओली असताना टेप लावली तर अक्षर फुटतं.

स्टीलच्या भांड्यावर घातलेलं नाव भांडं कोणाचं ते सांगतं, आत काय ते नाही. तेवढ्यावर विसंबू नका.

*तपासणी:* लावल्यावर ओल्या अंगठ्याने एकदा जोरात घासून बघा. आत्ता निघाली तर बरं, परत करा.

टप्पा ५: आधी विषारी, मग बाकीचं

लोक उत्साहाने मसाल्याच्या डब्यांपासून सुरुवात करतात, कारण ते छान दिसतात. तिसऱ्या दिवशी उत्साह संपतो आणि मोरीतल्या बाटल्या तशाच राहतात. म्हणून मोरीपासून सुरुवात करा.

सुट्टं फिनाईल, ॲसिड किंवा रॉकेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवायचंच नाही. चिठ्ठी लावूनसुद्धा नाही. बाटलीचा आकारच "पिण्याचं" असं सांगतो, आणि तहानलेला माणूस किंवा तीन वर्षांचं मूल चिठ्ठी वाचत नाही. मूळ बाटलीतच ठेवा. मूळ चिठ्ठी भिजून निघत असेल तर तिच्यावरच पारदर्शक टेप मारा, कारण त्या चिठ्ठीवर द्रव्याचं नाव असतं आणि प्रसंग आला तर डॉक्टर तेच विचारतात.

बोरिक पावडर हा वेगळा विषय आहे. तीच कॅरमवर टाकतात आणि तीच कणीक-साखरेत कालवून झुरळांसाठी गोळ्या करतात. पांढरी, बारीक, पिठीसाखरेसारखी. तिची पुडी स्वयंपाकघरात ठेवू नका, आणि गोळ्या केल्यात तर उरलेलं मिश्रण त्याच दिवशी टाकून द्या.

शेतावरच्या घरांत कीटकनाशकांच्या डब्यांवर तिरप्या चौकोनात रंग असतो: लाल अतिशय विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त सगळ्यात कमी विषारी. रिकामा डबा धुऊन धान्यासाठी वापरायचा नाही. त्याला कोणतीही चिठ्ठी पुरत नाही.

मोठ्या अक्षरात एवढंच लिहा: "विष. पिऊ नये. टॉयलेटसाठी." ॲसिडच्या बाटलीवर "ब्लीचमध्ये मिसळू नये" हेही लिहा, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत गुदमरायला होतं.

*खबरदारी:* कोणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका. बाटली चिठ्ठीसकट बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

टप्पा ६: औषधं

इथे बहुतेक चिठ्ठ्या कंपनीने दिलेल्याच असतात. आपलं काम त्या वाचता येतील अशा राखण्याचं. गोळ्यांच्या पट्टीवर मुदत बहुधा एकाच टोकाला छापलेली असते. गोळी कापून घ्यायची ती दुसऱ्या टोकाने. दुकानात चार गोळ्या सुट्या घेतल्या आणि मुदतीचा तुकडा दुकानातच राहिला, तर तिथेच पुडीवर लिहून घ्या. मुदत महिना-वर्ष अशी असते आणि त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतात.

गोळ्या पट्टीतून काढून एकत्र डबीत भरू नका. आठवड्याची खणांची डबी वापरत असाल तर पट्ट्या संपेपर्यंत टाकायच्या नाहीत.

मार्करने लिहायच्या गोष्टी दोन. एक, कशासाठी आणि कधी: "बीपी, १-०-०, जेवणानंतर". १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) ही दवाखान्याची भाषा घरातल्या सगळ्यांना कळेलच असं नाही. आजोबांसाठी सकाळला सूर्य आणि रात्रीला चंद्रकोर काढली तर जास्त उपयोगी. दोन, उघडल्याची तारीख. डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकायची असते, तिच्यावर छापलेली मुदत पुढच्या वर्षीची असली तरी. पाणी घालून तयार करायचं मुलांचं अँटिबायोटिक सिरप कालवल्यावर थोडेच दिवस चालतं. किती ते बाटलीवर असतं, पण कधी कालवलं ते आपण लिहिल्याशिवाय कोणालाच कळत नाही. ओआरएस विरघळवलेल्या पाण्यावर वेळ लिहा, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

*चूक:* चिठ्ठी छापलेल्या नावावर किंवा मुदतीवर चिकटवणं. रिकाम्या बाजूलाच लावा. लाल उभी रेघ असलेलं औषध शेजारच्यांना "मला याने बरं वाटलं" म्हणून द्यायचं नसतं; ती रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न घेण्याची खूण आहे.

टप्पा ७: स्वयंपाकघर

आता मसाले. विकतचं पाकीट डब्यात रिकामं करताना मुदत, बॅच नंबर आणि घटक असलेला तुकडा कापून डब्याच्या मागच्या बाजूला चिकटवा. पीठ खराब निघालं तर तक्रार करायला बॅच नंबरच लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, हे एकदा माहीत झालं की "बदाम मिल्क मिक्स"च्या पाकिटावर पहिलं नाव साखरेचं का, तेही कळतं.

घरच्या पिठांना दळल्याची तारीख हवीच. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, आणि ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तुटते. मग दोष थापणारीला. डब्यात तळाशी जुनं पीठ असताना वरून नवं ओतलं तर तारखेला अर्थ उरत नाही. जुनं ताटात काढा, डबा पुसा, नवं भरा, जुनं वर घाला आणि चिठ्ठीवर जुनी तारीखच राहू द्या. ते संपलं की नवी.

उन्हाळ्याच्या बेगमीत लोणच्याच्या बरणीवर घातल्याची तारीख लिहाच. शिवाय मीठ-तिखटाचं प्रमाण एका कागदावर लिहून बरणीखाली ठेवा. यंदाचं लोणचं उत्तम झालं तर पुढच्या वर्षी तोच कागद शोधाल.

फ्रीजरचा क्रम उलटा: आधी चिठ्ठी, मग पदार्थ. गार, दमट पिशवीवर काही चिकटत नाही. रिकामी पिशवी सपाट ठेवा, टेप लावा, लिहा, मग भरा. प्रमाण लिहा: "ओलं खोबरं, २ वाट्या". गोठल्यावर चिंचेचा कोळ आणि काळं वाटण ओळखू येत नाही, आणि खिमा व मसाल्याचा गोळा ओळखू आला नाही तर घरातल्या शाकाहारी माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

टप्पा ८: विजेचा बोर्ड

दोन माणसं लागतात. दिवसा करा. फ्रीज, कॉम्प्युटर, वॉशिंग मशिन आधी बंद करा. मग एकाने बोर्डाशी उभं राहून एकच एमसीबी (एकेका भागाची वीज बंद-चालू करणारा बोर्डावरचा खटका) खाली करायचा, दुसऱ्याने घरभर फिरून दिवे, पंखे आणि प्रत्येक सॉकेट तपासायचं. सॉकेटला टेबललॅम्प लावून बघा. मेलं ते वहीत लिहा, एमसीबी वर करा, पुढचा घ्या. सगळे झाल्यावरच पट्ट्या चिकटवा, कारण स्वयंपाकघराचं एक सॉकेट हटकून बेडरूमच्या एमसीबीवर निघतं आणि पहिली पट्टी बदलावी लागते.

*खबरदारी:* बोर्डाचं झाकण उघडायचं नाही. चिठ्ठ्या बाहेरून. इन्व्हर्टर असेल तर त्यावरच्या सॉकेटांना वेगळी खूण करा: "मेन बंद केला तरी चालू". ही खूण तुमच्यापेक्षा दुरुस्तीला येणाऱ्या वायरमनसाठी.

टप्पा ९: किल्ल्या, खोकी, कागद

किल्लीला पत्ता किंवा फ्लॅट नंबर बांधायचा नाही. हरवली तर सापडणाऱ्याला घरच दिलंत. रंग किंवा आकडा लावा आणि त्याचा अर्थ वहीत ठेवा.

घर बदलताना खोक्याच्या वर नव्हे, दोन शेजारच्या बाजूंवर लिहा. खोकी एकावर एक रचतात. "७/२४, स्वयंपाकघर, आधी उघडा" एवढं पुरे. आतली यादी वहीत. आकड्यामुळे ट्रकमधून तेवीसच उतरली हे लगेच कळतं.

फायलीला नाव देताना कागद हवा असेल तेव्हा तोंडात कोणता शब्द येईल तो विचार करा. "सातबारा आणि फेरफार, गावची जमीन" सापडतं. "मालमत्ता कागदपत्रे भाग २" सापडत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स देताना तिच्यावर तिरपं लिहा: "फक्त अमुक कामासाठी", तारीख आणि सही. नाव-नंबर झाकू नका, पण अक्षरं चित्रावरून जाऊ द्या, नाहीतर कडेचा मजकूर कापून टाकता येतो.

टप्पा १०: परीक्षा

घरात सगळ्यात कमी स्वयंपाक करणाऱ्याला बोलवा आणि सांगा: कॉर्नफ्लॉवर आण. उपवासाची भाजणी आण. डोळ्यांचे थेंब अजून चालतील का ते सांग. मागे उभं राहून "तिकडे नाही, खाली" असं सांगायचं नाही. जिथे तो अडला ती चिठ्ठी बदला. आमच्याकडे नवऱ्याने "सोडा" म्हणून कपड्यांचा धुण्याचा सोडा आणला. पुडीवर मी "सोडा" एवढंच लिहिलं होतं.

टप्पा ११: जुनी चिठ्ठी काढणं

डब्यातलं बदललं की चिठ्ठी त्याच क्षणी काढा. "नंतर लिहीन" म्हणून तशीच ठेवलेली जुनी चिठ्ठी, चिठ्ठी नसण्यापेक्षा वाईट. नवी लगेच जमत नसेल तर जुनीवर मोठी फुली तरी मारा.

मास्किंग टेप महिनोन् महिने राहिली की ठिसूळ होते आणि डिंक मागे ठेवते. त्यावर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, जुन्या कार्डाच्या कडेने खरवडा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. काचेची बरणी असेल तर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, थंड बरणीवर उकळतं ओतू नका. तेलाचा अंश राहिला तर नवी चिठ्ठी धरणार नाही, तेव्हा पुन्हा स्पिरिटचा फडका फिरवा आणि डबा रात्रभर उपडा न घालता उताणा वाळू द्या.